दातांसाठी विमान पकडण्याआधी

कॅलिफोर्नियाच्या आग्नेय टोकाला अँड्राड नावाचा सीमानाका आहे. हिवाळ्यात रोज सकाळी तिथे गाड्या लावून माणसं पायीच मेक्सिकोत शिरतात. बहुतेकांनी साठी-सत्तरी ओलांडलेली असते. पलीकडे लॉस अल्गोडोनेस हे जेमतेम साडेपाच-सहा हजार वस्तीचं गाव आहे. चार गल्ल्यांच्या या गावात दंतवैद्य मात्र शेकड्यांनी आहेत. अमेरिकनांनी त्याचं नावच ‘मोलर सिटी’, दाढांचं शहर, असं पाडलंय. थंडी टाळायला कॅनडातून आणि अमेरिकेच्या उत्तरेकडून ॲरिझोनातल्या युमा परिसरात मुक्कामाला येणारे निवृत्त लोक या गावाला जगवतात. सकाळी जाऊन कॅपचं माप द्यायचं, दुपारी परत यायचं, पुढच्या आठवड्यात कॅप बसवायला पुन्हा जायचं.

ही माणसं हौसेने सीमा ओलांडत नाहीत. ६५ वर्षांवरच्या अमेरिकनांसाठी मेडिकेअर योजनेचा कायदा १९६५ मध्ये झाला आणि त्याच कायद्याने दातांचे नेहमीचे उपचार योजनेबाहेर ठेवले. मूळ योजनेत ते आजही नाहीत. हृदयाच्या बायपासचा खर्च सरकार उचलतं, पण घास चावायला दाढ हवी असेल तर खिशात हात घालावा लागतो. एका इम्प्लांटचा, म्हणजे दाताच्या जागी हाडात बसवायच्या स्क्रूचा, त्यावरच्या कॅपसकट, अमेरिकेतला खर्च साधारण तीन ते सहा हजार डॉलर. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने असे चार बसवायचे म्हटले तर एक चांगली गाडी घेण्याइतका पैसा तोंडात जातो.

ब्रिटनचा रस्ता निराळा होता, पण तोही इथेच येऊन पोचला. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा कवळीसुद्धा मोफत मिळत होती. मागणी अशी उसळली की तीन वर्षांच्या आत सरकारने कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावायचं ठरवलं. त्याच्या निषेधार्थ या सेवेचे शिल्पकार अनायरिन बेव्हन यांनी एप्रिल १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. तेव्हापासून दातांना या सेवेत सावत्रपणाची वागणूक मिळत आली आहे. २०२२ मध्ये बीबीसीने देशभरातल्या दवाखान्यांना विचारणा केली तेव्हा सरकारी सेवेतले दहापैकी नऊ दवाखाने नवीन प्रौढ रुग्ण घेत नसल्याचं समोर आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टल शहरातल्या सेंट पॉल्स भागात बंद पडलेला एक दवाखाना पुन्हा उघडला, तर नाव नोंदवायला शेकडो माणसांची रांग लागली आणि ती आवरायला पोलीस बोलवावे लागले. नाव नोंदलं गेलं तरी इंग्लंडमध्ये कॅप, ब्रिज किंवा कवळीसाठी एप्रिल २०२५ मध्ये ३२६.७० पौंड भरावे लागत होते, आणि इम्प्लांट तर या सेवेतून अपवादानेच मिळतो.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आखात. मराठी माणूस मोठ्या संख्येने जिथे राहतो तिथे दातांची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे. न्यू जर्सीतल्या आयटी कंपनीतला दंतविमा असतो, पण त्याची वर्षाची मर्यादा बहुधा एक ते दोन हजार डॉलर. एक रूट कॅनाल आणि वर कॅप झाली की ती संपली. मग दुसरी दुखरी दाढ ‘डिसेंबरमध्ये पुण्याला जाऊ तेव्हा बघू’ या यादीत जाते. ठाणे, नाशिक, कोल्हापूर, मडगाव इथल्या डेंटिस्टांच्या अपॉइंटमेंट डिसेंबर-जानेवारीत परदेशातून आलेल्या लेकी-सुनांनी आणि त्यांच्या मुलांनी भरून जातात. याला कंजूषपणा म्हणून हसणं बरोबर नाही. ज्या देशांनी तोंड हा शरीराचा भाग नसल्यासारखी व्यवस्था उभारली, त्यांनीच हा प्रवास भाग पाडला आहे.

भारतात दर कमी का, याचं उत्तरही सरळ आहे. देशात तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालयं आहेत, त्यांतून बाहेर पडणारे बहुतेक तरुण शहरांत दवाखाना थाटतात आणि एकाच चौकात चार पाट्या लागतात. जागेचं भाडं, सहायकांचे पगार, लॅबची मजुरी, सगळंच तिकडच्या मानाने कमी. स्वित्झर्लंडच्या स्ट्रॉमानचा किंवा मूळ स्वीडिश असलेल्या नोबेल बायोकेअरचा जो स्क्रू बोस्टनमध्ये बसतो तोच डेक्कन जिमखान्यावरही बसतो. कोरियाचा ऑस्टेम तर आपल्याकडे सर्रास वापरला जातो. कॅपसकट एका इम्प्लांटला पुण्या-मुंबईत साधारण तीस ते सत्तर हजार रुपये पडतात. स्वस्त म्हणजे हलकं, हा संशय चांगल्या दवाखान्यांच्या बाबतीत निराधार आहे.

तरीही दरवर्षी या सुट्टीतल्या उपचारांपैकी काही बिघडतात, आणि त्यामागे डेंटिस्टच्या हातापेक्षा प्रवासाची आखणी जास्त वेळा असते.

लॉस अल्गोडोनेसचं यश नीट पाहिलं तर हे कळतं. तसंच युरोपात हंगेरीचं. ऑगस्ट १९८९ मध्ये हंगेरीतल्या शोप्रोन गावाजवळ सीमेवरचं फाटक एका सहलीच्या निमित्ताने उघडलं आणि पूर्व जर्मनीचे शेकडो नागरिक पळत ऑस्ट्रियात शिरले. पोलादी पडद्याला पडलेल्या पहिल्या भगदाडांपैकी ते एक. त्यानंतरच्या वर्षांत त्याच सीमेवरून उलटी वाहतूक सुरू झाली: ऑस्ट्रियाचे लोक दात करून घ्यायला शोप्रोनला आणि मोशोनमाज्यारोवारला येऊ लागले. दोन्ही गावं व्हिएन्नाहून गाडीने तासाभराच्या टप्प्यात. लोकसंख्येच्या मानाने तिथे दंतवैद्यांची दाटी थक्क करणारी आहे. डॉक्टरांना जर्मन येतं. बुडापेस्टच्या सेमेलवाइस विद्यापीठात जर्मन माध्यमातून वैद्यकीय शिक्षण १९८० च्या दशकापासून मिळतं. गुण या सगळ्याचाच, पण सर्वांत मोठा गुण अंतराचा. कॅप उंच वाटली, टाका सुटला, हिरडी सुजली, तर व्हिएन्नाचा माणूस दुसऱ्या दिवशी परत जाऊ शकतो. युमातला पेन्शनर तर चालत जातो. सिएटलहून पुणे तसं नाही. विमान बदलून, वीस-बावीस तास प्रवास करून येणाऱ्या माणसाला ‘पुढच्या मंगळवारी दाखवून जा’ हे वाक्य लागू पडत नाही. ज्या शहरांची उदाहरणं देऊन दूरच्या प्रवासाची जाहिरात होते, ती शहरं जवळच्या प्रवासावर उभी आहेत.

इम्प्लांटच्या बाबतीत हा फरक सर्वांत जास्त भोवतो. कारण तिथे घाई करून भागत नाही, आणि ते का भागत नाही याची कथाही सुरेख आहे.

१९५२ मध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे स्वीडिश संशोधक सशाच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमचं एक बारीक उपकरण सशाच्या पायाच्या हाडात बसवलं होतं. प्रयोग संपल्यावर ते महागडं उपकरण काढून पुन्हा वापरायचं होतं, पण ते निघेना. हाड धातूला घट्ट धरून बसलं होतं. या अडचणीतच मोठा शोध दडलाय हे त्यांनी ओळखलं. १९६५ मध्ये यस्टा लार्सन या जन्मतःच जबड्याचं व्यंग असलेल्या माणसाच्या खालच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर चाळीस वर्षं ते स्क्रू कामात होते. दंतवैद्यकाच्या जगाने मात्र ही गोष्ट १९८२ च्या टोरोंटो परिषदेनंतरच मनावर घेतली.

स्क्रू बसवला म्हणजे काम झालं असं नसतं. ब्रोनेमार्क यांच्या मूळ पद्धतीत खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्या जबड्यात, तिथलं हाड जास्त सच्छिद्र असल्यामुळे, सहा महिने थांबायचं होतं. स्क्रूवर भार टाकायचा नाही, हाडाला धातूभोवती वाढू द्यायचं, मग वर दात बसवायचा. आजच्या स्क्रूंचे पृष्ठभाग सुधारले आहेत, त्यामुळे हाड चांगलं असेल तर हा काळ दीड-दोन महिन्यांवर येऊ शकतो. पण हाड झिजलं असेल, त्यात भर घालावी लागली असेल, तर चार-सहा महिने आणखी वाढतात. मधुमेह आवाक्यात नसेल किंवा सिगारेट चालू असेल तर हाड धातूला धरेल याची खात्री कुठलाच प्रामाणिक डॉक्टर देत नाही.

‘एका दिवसात दात’ अशी पाटी लागते तेव्हा तिच्यामागेही खरं तंत्र असतं. पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या पाउलो मालो यांनी १९९० च्या दशकात चार स्क्रूंवर अख्खी दंतपंक्ती उभी करण्याची पद्धत रूढ केली. रुग्ण सकाळी दात नसलेल्या तोंडाने येतो आणि संध्याकाळी दात घेऊन जातो, हे खरंच घडतं. मात्र तो संध्याकाळचा संच तात्पुरता असतो, ॲक्रिलिकचा. काही आठवडे मऊच खायचं, हाड जुळू द्यायचं आणि काही महिन्यांनी पक्का संच बसवायला परत यायचं. पाटीवर पहिला दिवस ठळक असतो. परत येण्याचे महिने रुग्णाने विचारून घ्यायचे असतात.

भारत सरकारचा ई-मेडिकल व्हिसा ६० दिवसांचा असतो आणि त्यावर तीनदा ये-जा करता येते. म्हणजे एखादा ब्रिटिश पर्यटक गोव्यात वरच्या जबड्यातले इम्प्लांट करून घ्यायला आला, तर हाड जुळण्याआधी त्याचा व्हिसाच संपतो. त्याला दुसरा व्हिसा आणि दुसरा प्रवास लागणारच. परदेशस्थ मराठी माणसाकडे बहुधा भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड असतं, तेव्हा व्हिसाची अडचण नाही, रजेची आहे. अमेरिकेतल्या नोकरीतून सलग तीन आठवडे मिळवणं ही आधीच कसरत असते.

त्या तीन आठवड्यांचं काय होतं हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. पहिले चार दिवस झोपेचं गणित जुळवण्यात जातात. मग चुलतबहिणीचं लग्न, कुलदैवताचं दर्शन, सासरी चार दिवस, बँकेची कामं, आईबाबांच्या तपासण्या. डेंटिस्ट शेवटच्या आठवड्यात. तिथे कळतं की दाढेला रूट कॅनाल लागणार, शेजारची अक्कलदाढ काढावी लागणार आणि तिसऱ्या ठिकाणी दात नाही तिथे इम्प्लांट बसवणं बरं. परतीच्या विमानाला सहा दिवस असतात. रुग्णच आग्रह धरतो, ‘डॉक्टर, सगळं आत्ताच उरकून टाका.’ डॉक्टरही ओळखीचे, बाबांच्या वेळेपासूनचे. नाही म्हणणं त्यांना जड जातं. अशा वेळी ठाम नकार देणारा डेंटिस्ट भेटला तर रुग्णाने त्याचे आभार मानावेत.

क्रम उलटा हवा. निघण्याच्या दीड-दोन महिने आधी तिकडे काढलेला ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्रित एक्स-रे, इकडे पाठवावा. कुठल्या दाताचं काय करायचं, किती सिटिंग, किती खर्च, कुठली लॅब, हे लेखी मागवावं. दोन डॉक्टरांकडून मागवलं तर आणखी चांगलं, आणि दोघांच्या सांगण्यात मोठी तफावत असेल तर तीच विचारण्याची जागा. डॉक्टरची नोंदणी राज्य दंत परिषदेकडे आहे की नाही आणि त्याने कशात विशेष शिक्षण घेतलं आहे, हेही पाहावं: हिरड्यांचा तज्ज्ञ, जबड्याच्या शस्त्रक्रियेचा तज्ज्ञ आणि कॅप-कवळीचा तज्ज्ञ हे तीन वेगळे लोक असतात. उतरल्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसावं. लग्न नंतर.

तीन आठवड्यांत बरंच काही नीट होतं. दात साफ करणं, भरणं, रूट कॅनाल आणि त्यावर कॅप, अक्कलदाढ काढणं, जुनी कवळी बदलणं. अक्कलदाढ काढल्यावर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. जखमेतली रक्ताची गुठळी निसटून हाड उघडं पडण्याचा त्रास झाला तर तोही पहिल्या तीन-चार दिवसांतच होतो, आणि तो ठणका सोसणं कठीण असतं. म्हणून ही दाढ पहिल्याच आठवड्यात निघावी. कॅपचं उलट आहे. बसवली त्या दिवशी ती बरी वाटते. किंचित उंच असल्याचं दोन-चार जेवणांनंतर कळतं. तेव्हा परतीच्या आधीचे चार-पाच दिवस मोकळे ठेवले तर डॉक्टरला ती घासून बसवता येते. ते न केल्याने लंडनच्या विमानात दुखायला लागलेली दाढ हा टाळता येण्याजोगा ताप आहे.

बरं होण्याच्या बाबतीत मात्र माहेरासारखी जागा नाही. अनोळखी हॉटेलच्या खोलीत सुजलेला गाल घेऊन झोपणाऱ्या परदेशी रुग्णाला जे मिळत नाही ते इथे आयतं मिळतं: कोमट पेज, मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, ताक. अडचण एवढीच की त्याच घरात पहिल्या दिवशी चकली, कडबोळी आणि भाजक्या पोह्यांचा चिवडाही पुढ्यात येतो आणि ‘एकच खा’ म्हणणारी मावशी असते. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूने कडक पदार्थ आठवडाभर तरी नकोत, तंबाखू-सिगारेट मुळीच नको, स्ट्रॉने ओढून पिणं नको. हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवावं.

विमानाबद्दल लोकांच्या मनात धास्ती असते. साधा दात काढल्यावर एक-दोन दिवसांनी उडायला सहसा हरकत नसते. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. तिचा तळ उचलून हाडाची भर घातली असेल तर मात्र केबिनमधला दाब बदलणं, जोरात नाक शिंकरणं, तोंड मिटून शिंकणं हे सगळं जखमेला धोक्याचं ठरतं. अशी शस्त्रक्रिया परतीच्या तिकिटाच्या तोंडावर करून घेऊच नये, आणि केलीच तर कधी उडायचं हे डॉक्टरकडून लिहून घ्यावं.

औषधांची गोष्ट जास्त गंभीर आहे आणि तीच सर्वांत जास्त विसरली जाते. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून साठीपुढच्या अनेक स्त्रिया आठवड्याला एक गोळी, सहा महिन्यांनी एक इंजेक्शन किंवा वर्षातून एकदा शिरेतून औषध घेतात. या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याच्या हाडाची जखम भरतच नाही, हाड मरतं. २००३ पासून वैद्यकीय जगाला हा धोका माहीत आहे. गोळी रोजची नसल्यामुळे ती ‘औषध’ म्हणून आठवतच नाही. मुलीकडे अमेरिकेत सहा महिने राहून आलेल्या आईने तिथे घेतलेलं इंजेक्शन इथल्या डेंटिस्टला सांगितलं पाहिजे. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या दात काढायचा म्हणून स्वतःहून बंद करणं तर त्याहून धोक्याचं. तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरचा आहे.

इथवरचं सारं गरजेच्या उपचारांबद्दल झालं. गेल्या काही वर्षांत दातांच्या प्रवासाला एक वेगळंच वळण लागलं आहे आणि त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ब्रिटनमधले विशी-पंचविशीतले तरुण तुर्कस्तानात, अंतल्याला किंवा इस्तंबूलला जातात. विमानतळावरून नेणं-आणणं, हॉटेल आणि पाच-सहा दिवसांत वीस-एक पांढरेशुभ्र दात, असं एकच पॅकेज असतं. समाजमाध्यमांवर हसरी छायाचित्रं पसरतात. अनेकांना वाटतं की दातांच्या दर्शनी भागावर पातळ पापुद्रा चिकटवणार आहेत. प्रत्यक्षात निरोगी दात चहूबाजूंनी घासून त्यांचे खुंट केले जातात आणि वर कॅप बसतात. पूर्ण कॅपसाठी समोरच्या दाताचा वरचा भाग किती घासला जातो हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन करून मोजलं होतं: ६३ ते ७२ टक्के. हा भाग पुन्हा उगवत नाही. घासलेल्या दातांपैकी काहींच्या नसा पुढे मरतात आणि कॅप फोडून रूट कॅनाल करावं लागतं. कॅपचं आयुष्य साधारण दहा-पंधरा वर्षं; बाविसाव्या वर्षी वीस कॅप बसवलेल्या मुलाला त्या जन्मभरात तीन-चारदा बदलाव्या लागतील, दरवेळी आधीपेक्षा कमी उरलेल्या दातावर. ब्रिटिश डेंटल असोसिएशनने याविरुद्ध वारंवार इशारे दिले आहेत.

निरोगी दात असे घासणं हा उपचार नाही, ती इजा आहे. मुंबई-पुण्यातही ‘लग्नाआधी स्माइल मेकओव्हर’च्या जाहिराती आता दिसतात. नवरामुलगा टोरोंटोहून दोन आठवड्यांसाठी आलेला असतो आणि फोटो चांगले यायला हवे असतात. तिरपे दात तारांनी सरळ करायला वर्ष-दीड वर्ष लागतं, कॅपने आठवड्यात ‘सरळ’ दिसतात. कीड नाही, तडा नाही, अशा दाताला कॅप सुचवणाऱ्या खुर्चीतून उठून यावं, मग ती कुठल्याही देशातली असो.

चूक कुठेही होऊ शकते, हेही लक्षात ठेवायला हवं. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम शहरात एका दंतदवाखान्याच्या पाण्याच्या नळ्यांतल्या जंतूंमुळे दुधाच्या दातांवर उपचार झालेल्या कित्येक लहान मुलांच्या जबड्यांना संसर्ग झाला. श्रीमंत देशातलं, कडक नियमांतलं ठिकाण. पण मुलं त्याच शहरातली होती, म्हणून आरोग्य खात्याला एकेका मुलाचा माग काढता आला. रुग्ण विमानाने पांगलेले असते तर बिघाडाचा धागाच जुळला नसता. दूरच्या रुग्णाच्या बाबतीत हा धागा फक्त कागद जोडतात.

म्हणूनच इथल्या दवाखान्यांकडून एक अपेक्षा आहे. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशाने सीमेपलीकडे उपचार घेणाऱ्या रुग्णाला त्याच्या उपचारांची लेखी किंवा डिजिटल नोंद मिळण्याचा हक्क दिला. आपल्याकडे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही नोंदी आणि अहवाल मिळण्याचा हक्क आहे. प्रत्यक्षात परदेशी परतणाऱ्या रुग्णाच्या हातात बहुतेक वेळा बिल आणि गोळ्यांची चिठ्ठी पडते. इम्प्लांटच्या डबीवर चिकटपट्टी असते, तिच्यावर कंपनी, प्रकार, जाडी, लांबी आणि लॉट नंबर छापलेला असतो. ती काढून रुग्णाच्या कार्डावर लावायला अर्धं मिनिट लागतं. पाच वर्षांनी लेस्टरमध्ये आतला स्क्रू सैल झाला तर तिथल्या डेंटिस्टला तो घट्ट करायला त्याच कंपनीचा पेचकस लागतो. कंपनीगणिक तो वेगळा असतो. कुठला स्क्रू आहे हेच माहीत नसेल तर दोन मिनिटांच्या कामासाठी चांगली कॅप फोडण्याची पाळी येते. बरेच डॉक्टर तर दुसऱ्याच्या अनोळखी कामाला हातच लावत नाहीत, कारण एकदा हात लावला की जबाबदारी त्यांच्यावर येते.

उपचाराआधीचे आणि नंतरचे एक्स-रे, स्कॅनची फाइल, इम्प्लांटचा तपशील, कॅप कशाची आणि कुठल्या लॅबची, कुठली औषधं दिली. एवढं सगळं एका पानावर बसतं. पुण्या-मुंबईच्या आणि गोव्याच्या दवाखान्यांनी ते न मागता द्यावं आणि राज्य दंत परिषदांनी ते सक्तीचं करावं. सुट्टीतले रुग्ण घ्यायचे आणि सुट्टी संपली की फोन उचलायचा नाही, हे व्यवसायाला शोभत नाही. कायद्याचा आधार आहे, पण दूरवरून तो वापरणं अवघड. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. तरी ह्यूस्टनला बसून पुण्यातल्या ग्राहक आयोगात खटला चालवायला वकील, कागद आणि चिकाटी लागते. नेहमीचा प्रवास विमा ठरवून केलेल्या उपचारांचा आणि त्यातून उद्भवलेल्या त्रासाचा खर्च सहसा देत नाही.

राहिलं पैशांचं गणित. एका इम्प्लांटसाठी मुद्दाम दोनदा यायचं तर तिकिटांतच बचत विरून जाते. अशा माणसाने तिकडच्या दंतमहाविद्यालयाच्या दवाखान्यात चौकशी करावी. अमेरिकेत अनेक ठिकाणी तिथले दर खासगी दवाखान्यांपेक्षा बरेच कमी असतात. चार-पाच इम्प्लांट असतील, किंवा आईवडिलांना भेटायला दरवर्षी येणं होतच असेल, तर हिशेब ठळकपणे इकडच्या बाजूने झुकतो. पहिल्या वर्षीच्या सुट्टीत स्क्रू, पुढच्या वर्षीच्या सुट्टीत दात. हाडाला वर्षभर मिळालं तर नुकसान नाही.

तेव्हा या डिसेंबरमध्ये येणार असाल तर ओपीजी आत्ताच पाठवा. रूट कॅनाल, कॅप, अक्कलदाढ ही कामं पहिल्या आठवड्यात सुरू करा. पण परत येण्याचा महिना ठरलेला नसेल आणि राहत्या गावात गरज पडल्यास तोंड तपासायला तयार असलेला डेंटिस्ट सापडलेला नसेल, तर इम्प्लांटचा स्क्रू या खेपेला बसवून घेऊ नका.